लांब दांड्याचा गुलाब

गुलाबाच्या शेडमध्ये माझी आई आणि मावशी एकाच टेबलावर समोरासमोर उभ्या राहायच्या. आई दांड्याची खालची पानं आणि काटे काढायची, मावशी प्रत लावायची. प्रत लावणं म्हणजे दांडा किती लांब, कळी किती घट्ट, मान सरळ आहे की वाकलेली, पाकळीला कुठे डाग आहे का, हे एका नजरेत बघून फूल ज्याच्या त्याच्या खणात टाकणं. लांब, सरळ दांड्याचं आणि घट्ट कळीचं फूल पहिल्या प्रतीत. ते विमानात बसून परदेशी जायचं. त्याच्या खालचं शहरातल्या दुकानांत, आणि डाग पडलेलं खताच्या खड्ड्यात. मावशीचा हात इतका बसला होता की ती गप्पा मारता मारता प्रत लावायची. मालकीणबाई मध्येच येऊन तिच्या फुलांचा एखादा बांधलेला बंच सोडवून तपासायच्या. तो त्यांना पुन्हा बांधावा लागायचा, बदलावा कधी लागला नाही.

मी तेव्हा टेबलाखाली फुलांच्या रिकाम्या खोक्यात झोपलेली असायचे. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काही आईने सांगितलं. काही त्याच टेबलावरच्या एका बाईने सांगितलं, जिला सगळ्या जणी रेडिओ म्हणायच्या, कारण ती सकाळी सुरू झाली की शिफ्ट संपेपर्यंत बंद व्हायची नाही. आणि मुख्य जे होतं ते मावशीने स्वतःच्या तोंडून सांगितलं. पण त्याला माझे केस पांढरे व्हायला लागावे लागले.

शेडच्या भिंतीवर मालकीणबाईंनी एक मोठं चित्र लावलं होतं. चार रंगांचे गुलाब आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ. लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे पावित्र्य, पिवळा म्हणजे मैत्री, गुलाबी म्हणजे कृतज्ञता. बाहेरचं गिऱ्हाईक आलं की बाई त्या चित्राशी उभ्या राहून सगळं समजावून सांगायच्या, आणि त्यांची पाठ वळली की रेडिओ तिचे अर्थ सांगायची.

“लाल म्हणजे ओव्हरटाइम. पांढरा म्हणजे कुणीतरी खपलं. गुलाबी म्हणजे घरी बायको फुगून बसलीय. आणि पिवळा म्हणजे नाही म्हणायचंय, पण तोंड नाही.”

सगळं टेबल हसायचं. मावशीही हसायची. पण आई म्हणते, तिला मनातून ते चित्रातलेच अर्थ पटायचे. वयच तसं होतं. दिवसभर ढिगाने गुलाब तिच्या हाताखालून जायचे, कुणाकुणाच्या बायकांना, मैत्रिणींना. कधी एखादं विशेष देखणं फूल आलं की ती ते क्षणभर जास्त धरायची आणि म्हणायची, “हे ज्या बाईला मिळेल ना, ती काय करेल गं?”

“पाण्यात ठेवेल आणि चार दिवसांनी टाकून देईल,” आई म्हणायची. “हात चालव.”

कोल्ड रूमला एक सुपरवायझर होता. बांधलेले बंच बादल्यांतून आत नेऊन गारव्यात रचून ठेवायचे आणि किती आले, किती गेले ते बघायचं, हे त्याचं काम. माणूस दिसायला नीटनेटका, भांग कधी विस्कटलेला नाही, आवाज मऊ. इतर मुकादम बायकांवर खेकसायचे, हा कधी खेकसला नाही. मावशीच्या टेबलाची बादली तो स्वतः उचलून न्यायला लागला. एकदा म्हणाला, “तुमच्या बंचला मी दुसऱ्यांदा हात लावत नाही. डोळे मिटून आत ठेवतो.”

आता हे काही प्रेमाचं बोलणं नव्हे. पण आपल्या कामाला कुणी असं म्हणावं, याच्यापुढे मावशीला चंद्रतारे फिके होते. त्या दिवशी ती घरी आली तीच मुळी वेगळी. आईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, “गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, हाताकडे बघावं.”

“हातानेच तर बादली उचलतो,” मावशी म्हणाली.

फेब्रुवारी आला. प्रेमिकांच्या त्या एका दिवसासाठी शेडमध्ये महिनाभर कुणाला पाठ टेकायला मिळायची नाही. त्या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट होती. टेबलाची मुख्य बाई काम सोडून मुलाकडे राहायला जाणार होती, आणि मालकीणबाईंनी सगळ्यांच्या देखत मावशीला सांगितलं होतं, “हंगाम झाला की टेबल तुझं.” मुख्य बाई म्हणजे बसायला खुर्ची, वर्षभराचं पक्कं काम. हंगाम संपला की बाकीच्यांना घरी बसवायचे, तिला नाही.

त्याच वेळी शेडमधून चांगली फुलं गायब होत होती. कुणीतरी ती बाहेर नेऊन बस स्टँडवर कॉलेजच्या पोरांना विकत होतं. बाई संतापल्या. गेटवर प्रत्येक बाईची पिशवी तपासायला लागले. पाकळी जरी निघाली तरी त्याच दिवशी घरी, असं सांगून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मला ताप होता म्हणून आई दुपारीच घरी गेली होती. मावशी एकटी निघाली. गेटवर तिची पिशवी उघडली आणि डब्याच्या खाली, ओल्या कागदात गुंडाळलेला, पहिल्या प्रतीचा लांब दांड्याचा लाल गुलाब निघाला. तो लांब दांडा पिशवीत मावत नव्हता म्हणून मधोमध दुमडलेला होता. वॉचमनने विचारलं, कुठून आला. मावशी काही बोलली नाही. मालकीणबाई आल्या, त्यांनी विचारलं, तरी बोलली नाही. बाईंनी तिच्या एप्रनची नाडी स्वतः सोडली, एप्रन काढून घेतला आणि तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली तेव्हा तिलाही गेटवरच थांबवलं. दोघी बहिणी, एकाच टेबलावर, समोरासमोर. एकीने केलं ते दुसरीला ठाऊक नसेल, हे कोण मानणार? आमच्या भागात गुलाबाच्या शेड पुष्कळ होत्या, पण सगळ्या मालकांचं आपापसांत बसणं-उठणं. आठ दिवसांत दोघींची नावं सगळ्या गेटांवर पोचली. आईने घरी आल्यावर मावशीला विचारलं, “फूल कुणी दिलं?”

मावशी म्हणाली, “सांगेल तो. येईल आणि सांगेल.”

तो आला. पण महिना उलटून गेल्यावर, हंगाम संपल्यावर. आजीच्या घरात समोरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, “ते फूल मी ठेवलं होतं तिच्या पिशवीत. तिला माहीतही नव्हतं. घरी गेल्यावर उघडेल, खूश होईल, असं वाटलं होतं. माझं तिच्यावर मन आहे. मला तिच्याशी लग्न करायचंय.”

आईने तिथल्या तिथे विचारलं, “मग हेच मालकीणबाईंना जाऊन सांगता का?”

“सांगतो ना,” तो म्हणाला. “पण आत्ता सांगितलं तर माझीही नोकरी जाईल. मग दोघांनी खायचं काय? लग्न होऊ दे. जरा घडी बसली की सांगतो.”

आजीने आईला गप्प केलं. आजीचा हिशोब सरळ होता. पोरीवर चोरीचा आळ आलेला, काम मिळत नाही, आणि समोर नोकरी असलेला, दिसायला बरा मुलगा स्वतःहून आलाय. अशा वेळी गाईचे दात मोजत बसायचे नसतात. मावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “करते.” एवढंच.

लग्न झालं. घडी बसली. टेबल रेडिओला मिळालं, आणि काका, म्हणजे तो सुपरवायझर, पुढच्या वर्षी साऱ्या शेडचा मुख्य झाला. मालकीणबाईंना सांगायचं राहूनच गेलं. आधी नवीन पद होतं म्हणून, मग मावशीला दिवस गेले म्हणून, मग बाई आजारी म्हणून. शेवटी बाईच वारल्या.

माझ्या आईने त्या वर्षांत इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात काम धरलं. ओल्या चादरींच्या टोपल्या उचलून तिची कंबर गेली आणि साबणाने हाताची कातडी फाटली. तिचा राग काकांपेक्षा मावशीवर जास्त होता. तिचं म्हणणं, चूक त्याची होती हे कबूल, पण हिने गेटवर तोंड उघडायला काय झालं होतं? एका फुलासाठी दोन घरांच्या चुलीचा आधार घालवला आणि वर त्याच माणसाच्या घरी सून होऊन गेली. बहिणी बोलायच्या, कुणी आजारी पडलं तर एकमेकींकडे जायच्या, पण आई मावशीच्या घरी कधी जेवायला थांबली नाही. निघताना म्हणायची, “मला चादरी आहेत.” चादरी सुटून वर्षं झाली तरी हेच म्हणायची.

आणि काका ती गोष्ट सांगायला लागले.

पहिल्यांदा कधी सांगितली कोण जाणे. मला समजायला लागलं तेव्हापासून ती घरात पाहुणा आला की ठरलेलीच. “आमच्या लग्नाची गंमत माहितीये का?” इथून सुरुवात. मग गुलाबाची शेड, तो कडक पहारा, आणि हे तरुण, प्रेमात आंधळे. “म्हटलं, दुसऱ्या प्रतीचं फूल देईन तर नावाचा नाही. सगळ्यात लांब दांड्याचं उचललं आणि हिच्या पिशवीत सरकवलं. आणि ही बिचारी गेटवर पकडली गेली. मी आपला आत कोल्ड रूममध्ये, गारठ्यात बंच मोजतोय, मला पत्ता नाही. मला कळलं तोवर हिला बाहेर काढलेलं. म्हटलं, आपल्या फुलापायी पोरीची नोकरी गेली, आता आयुष्यभर पोसलं पाहिजे.” इथे लोक हसायचे. हशा ओसरू देऊन काका शेवटचं वाक्य टाकायचे, “महागात पडला हो तो गुलाब.”

मावशी तेवढ्यात चहाचे कप आवरायला उठायची.

दर वर्षी लग्नाच्या तारखेला ते तिच्यासाठी शेडमधून एक लाल गुलाब आणायचे. शेजारच्या बायका मावशीला म्हणायच्या, नशीब काढलंस, आमच्याकडे दुधाची पिशवी आणायची तर दहादा आठवण करावी लागते. मावशी फूल हातात घ्यायची, बोटांनी दांडा चाचपायची आणि म्हणायची, “दुसरी प्रत आहे.” कधी म्हणायची, “मान धरत नाही हे. उद्या पडेल.” काका खो खो हसायचे. म्हणायचे, “बघा, अजून हात विसरला नाही.” फूल बाटलीत जायचं. मी लहानपणी एकदा विचारलं, “मावशी, तुला आवडत नाही का गं गुलाब?” ती म्हणाली, “गुलाबाचा काय दोष.”

त्यांना एकच मुलगी. बापाची लाडकी, घरात सगळे तिला छकुली म्हणायचे आणि ती नोकरीला लागली तरी तेच नाव राहिलं. छकुलीला वडिलांची ती गोष्ट पाठ होती. ती शाळेत सांगायची, कॉलेजात सांगायची. असं प्रेम आपल्यालाही मिळावं, असं म्हणायची. तिला एक गणिताचा मास्तर आवडला. शांत, चष्म्यातून रोखून बघणारा. लग्न ठरलं. दोन्ही घरची माणसं एकदा निवांत भेटावीत म्हणून रविवारी दुपारी मावशीकडे जेवण ठेवलं. मास्तर आला, त्याची आई आली. छकुलीने फार आग्रह केला म्हणून माझी आईही आली आणि त्या दिवशी चक्क ताटावर बसली.

जेवणं होत आली तेव्हा छकुली म्हणाली, “बाबा, ती गोष्ट सांगा ना. यांना ऐकायचीय.”

काकांनी सांगितली. त्या दिवशी तर फारच रंगवून सांगितली. मास्तर हसला. मास्तरची आई मात्र साधी, सरळ बाई. तिने मावशीकडे वळून विचारलं, अगदी चांगल्या मनाने, “पण तुम्हाला काय वाटलं हो त्या वेळी? गेटवर? मला तर नुसतं ऐकून धडधडलं. तुम्ही सांगा ना.”

मावशी वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. इतक्या वर्षांत ही गोष्ट चालू असताना मी तिला बसलेली पाहिली नव्हती.

“गेटवरचा दिवा गेला होता त्या दिवशी,” ती म्हणाली. “अंधार पडायला आला होता. पिशव्यांमधलं काही दिसेना म्हणून वॉचमनने कोल्ड रूममधून बॅटरी मागवली. हे बॅटरी घेऊन आले.”

काका हसत म्हणाले, “अगं, मी आत होतो.”

“आत नव्हता. माझी पिशवी आली तेव्हा वॉचमन म्हणाला, साहेब, जरा उजेड धरा. तुम्ही धरलात. डब्याखाली उजेड पाडलात तो तुम्हीच. मागे रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांवर उजेड येत होता, त्यांना कुणी दिसलं नाही. मला दिसत होतात.” तिचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. ती मास्तरच्या आईकडे बघून बोलत होती. “फूल कुणी ठेवलं ते मला तिथेच कळलं. वाटलं, आता बोलतील. मी आपणहून नाव घ्यायचं म्हणजे बाईमाणसाने तोंड वर करून सांगायचं, की यांनी मला फूल दिलं. त्यात माझीच अब्रू जाणार. म्हटलं, यांच्या तोंडून आलेलं बरं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाई आल्या. बाईंनी यांना विचारलं, ही कोल्ड रूममध्ये येते का? हे म्हणाले, येते कधी कधी बादली ठेवायला. मी त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बादली तर हेच उचलायचे.”

मास्तरची आई जेवायची थांबली. तिचा घास हातातच होता.

“वॉचमनने माझी पिशवी रिकामी करेपर्यंत हे उजेड धरून उभे होते,” मावशी म्हणाली. “तुम्ही विचारलंत काय वाटलं, म्हणून सांगितलं. मला वाटलं, हात जरासुद्धा हलत नाहीये यांचा.”

काकांनी सगळ्यांकडे बघून हसून पाहिलं. कुणी हसलं नाही तेव्हा ते म्हणाले, “तीस-पस्तीस वर्षं झाली, कुणाला काय आठवतंय. बॅटरी होती की नव्हती.” मग उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

माझ्या आईने ताटावरूनच विचारलं, “हे तू मला का नाही सांगितलंस?”

“लग्नाआधी सांगितलं असतं तर तू लग्न होऊ दिलं नसतंस.”

“आणि नंतर?”

“नंतर याच घरात राहायचं होतं.”

“मी तुला दोष देत बसले सगळा जन्म,” आई म्हणाली.

“माहितीये.”

आई पुढे म्हणाली, “पण एक सांगू? तेव्हा तू तोंड उघडलं असतंस तर माझी कंबर वाचली असती.” तिने हे रागाने म्हटलं नाही. खरं होतं म्हणून म्हटलं. मावशीने मान हलवली.

मी समजत होते की आता छकुली बापाला काहीतरी विचारेल. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली, आणि चांगलीच रागावलेली होती. पण तो राग बापावर नव्हता.

“आजच सांगायचं होतं? त्यांच्या आईसमोर? इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलीस, आणखी चार महिने नसती धरवली?”

“त्यांनी विचारलं गं.”

“लोक विचारतात. लोकांना खरं हवं असतं का? माझ्या बाबांना चोर करून सोडलंस तू सगळ्यांपुढे.”

“चोर मला केलं होतं,” मावशी म्हणाली.

छकुली रडत निघून गेली. भांडी मी आणि मावशीने घासली. ती म्हणाली, “चुकलंच माझं. पोरीचा दिवस होता.” आणि थोड्या वेळाने, “पण बाई किती चांगलं विचारत होती. असं कुणी विचारलंच नव्हतं कधी.”

लग्न काही मोडलं नाही. मास्तर समजूतदार निघाला, आणि त्याच्या आईने पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्या जेवणानंतर काकांनी एक नवीन गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती ते मावशीच्या माघारी सांगायचे, आवाज खाली आणून. हिचं हल्ली जरा असं झालंय. जुनं काहीतरी डोक्यात घेते. नसलेलं आठवतं. वय झालं, डॉक्टरांना दाखवायला हवं. आपण मनाला लावून घेत नाही.

करून सवरून नामानिराळं राहायची कला त्यांना पहिल्यापासून होती. पण या वेळी तर त्यांना सहानुभूतीही मिळाली. छकुलीच्या लग्नात पाहुण्या बायका मावशीशी मोठ्याने आणि सावकाश बोलत होत्या, एक एक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसं. “ओळखलंत का मला?” एकीने तर तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, सांडेल म्हणून. काकांनी तिथेही गुलाबाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी डोळे पुसून म्हणाले, “आता तिला नीटसं आठवतही नाही.” लोक हळहळले.

लग्नानंतर काही दिवसांनी मावशी मला म्हणाली, “मला एकदा शेडमध्ये घेऊन चल.”

“कशाला?”

“बाई नाहीत, पण त्यांची सून आहे ना. तिच्या कानावर घालायचंय. बाकी काही नको.”

मी घेऊन गेले. काका तेव्हा निवृत्त झालेले होते. शेड आता तिप्पट मोठी, आत पांढरे दिवे, टेबलं स्टीलची. प्रत लावायला यंत्र होतं. दांडा पट्ट्यावर ठेवला की ते स्वतःच लांबी मोजून फूल पुढे ढकलायचं. मावशी त्या पट्ट्याजवळ उभी राहून बघत राहिली. म्हणाली, “मान बघत नाही हे.” तिथल्या पोरीने विचारलं, “काय म्हणालात आजी?” मावशी म्हणाली, “काही नाही.”

मालकीणबाईंची सून ऑफिसात होती. मोठी गोड बाई. उठून उभी राहिली, मावशीला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मावशीने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, नीट क्रमाने. सुनेने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी तिने मावशीच्या हातावर हात ठेवला.

“काकू, चोरीचं असं काही आमच्या इथे कुणाला माहितीच नाही. तुमचं नाव इथे निघतं ते फक्त साहेबांच्या तोंडून, आणि ते किती कौतुकाने घेतात. तुम्ही नका मनावर ताण घेऊ.” मग माझ्याकडे वळून, मावशी समोर नसल्यासारखी, हळूच म्हणाली, “साहेबांनी सांगितलं होतं आम्हाला यांच्याबद्दल. औषध चालू आहे ना?”

मी काही बोलायच्या आत मावशी उठली. पाणी तसंच राहिलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, “तेव्हा सगळ्यांना माहीत होतं मी चोर आहे. आता कुणालाच माहीत नाही. मग डाग पुसायचा तरी कुठून?”

“मला माहितीये, मावशी.”

“तू खोक्यात झोपली होतीस,” ती म्हणाली, आणि जराशी हसली.

मावशी अजून तिथेच राहते. या वयात दुसरीकडे जाऊन राहण्यासारखी जागा नाही, आणि ती कुणाकडे मागणारही नाही. छकुली फोन करते तो वडिलांच्या फोनवर. “आई कशी आहे” हे ती त्यांना विचारते, आणि ते सांगतात. काकांनी लग्नाच्या तारखेला फूल आणणं बंद केलं. शेजारच्या बायकांना सांगितलं, तिला आता त्यातलं काही कळत नाही.

माझी आई मात्र दुपारची तिच्याकडे जायला लागलीय. कंबरेला पट्टा बांधून, दोन जिने चढून. दोघी स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलतात, नाहीतर तांदूळ निवडतात. फार बोलत नाहीत. आईने माफी मागितलेली नाही आणि मावशीनेही नाही. बाहेरच्या खोलीत काका टीव्ही बघत असतात. चहाची वेळ झाली की ते आतल्या दिशेने हाक मारतात, “अगं, चहा झाला का?” मावशी उठते. आई म्हणते, “बस. दोन हात आहेत त्यांना.” मावशी म्हणते, “मला पण हवाय,” आणि आधण ठेवते, तीन कपांचं.